डाव्या खांद्याचा अर्धा इंच

आई : हल. तसं नाही, जोरात. खडखडत्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसल्यासारखा हल.

भुंगा : हलतोय ना!

आई : तू हलतोयस आणि सीट आहे जागच्या जागी. हे बघा भाऊ, कमरेशी माझी चार बोटं आत जातात. ढगळ आहे. ऊठ रे. दुसरी दाखवा.

दुकानदार : मावशी, ही तिसरी झाली. शर्यतीत पळणारी मंडळी येतात माझ्याकडे, पण इतकं बारकाईनं कुणी बघत नाही. तुम्ही पूर्वी गाड्या पळवायचात की काय?

आई : शिलाई मशीन पळवते. चौतीस वर्षं झाली.

दुकानदार : टेलर! तरीच म्हटलं, गळ्यात टेप कशाला.

आई : दुकानातून उठले ती तशीच आले. भुंग्या, ते हेल्मेट सारखं काढू नकोस. गाडीत घालणार आहेस ना? मग सीटही ते घालूनच बघायची.

भुंगा : आई, चारचौघांत भुंग्या नको ना. एकोणतीस वर्षांचा आहे मी. ऑफिसात लोक मला सर म्हणतात.

आई : मग तोंडाने गाडीचा आवाज काढणं सोड. आत्तासुद्धा काढत होतास.

दुकानदार : काढत होते खरे. तिसऱ्या गिअरपर्यंत गेले होते. बरं, ही चौथी चढवतो या स्टिअरिंगच्या घोडीवर. एक साइज लहान, लाल कापड, वजनाला एकदम हलकी. बसा साहेब. स्टिअरिंग धरा.

भुंगा : आहाहा! आई, ही बघ. कमरेला कशी धरते! ही घेऊ या. मला कळलं, हीच.

आई : तुला सगळ्याच कळतात. थांब. भाऊ, पाठीला वर ही दोन भोकं कसली?

दुकानदार : त्यांतून पट्टे येतात मावशी. मागून खांद्यावर, खांद्यावरून छातीवर. चार ठिकाणी बांधलेला माणूस, हलायचं नाव नाही.

आई : याच्या खांद्याच्या चांगली चार बोटं खाली आहेत ती. पट्टा खालून वर येणार, खांद्याला वळसा घालून पुन्हा खाली जाणार. म्हणजे ओढला की खांदा खाली दाबायचा. कुठे आपटला, तर सगळा दाब पाठीच्या मणक्यांवर. खरं की नाही?

दुकानदार : खरं आहे. भोकं खांद्याच्या रेषेत हवीत, नाहीतर जराशी वर. हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आई : सांगायला कशाला हवं? समोर दिसतंय. ऊठ रे.

दुकानदार : साहेब, एक विचारू का? गाडी तुमची, चालवणार तुम्ही. मग दर वेळी आईंच्या तोंडाकडे का बघता?

भुंगा : पैज लागली आहे.

आई : पैज नाही, अट.

भुंगा : बरं, अट. झालं असं दादा, गेल्या महिन्यात मी ट्रॅकवर गेलो होतो. गाडीत अजून कंपनीची मूळ सीट. सीट कसली, दिवाणखान्यातली खुर्ची ती! वळण आलं की गाडी एकीकडे, मी दुसरीकडे. अख्खा दिवस स्टिअरिंगला लोंबकळून आणि गुडघा दाराला टेकवून गाडी चालवली. घरी आलो तेव्हा गुडघा वांग्यासारखा झाला होता.

आई : आणि कंबर. ती सांग. दोन दिवस माझ्यासमोर भिंतीला पाठ लावून फिरत होता, खेकड्यासारखा. मला काय डोळे नाहीत?

भुंगा : मग काय, फर्मान निघालं, ट्रॅक बंद. मी म्हटलं, दोष ट्रॅकचा नाही, सीटचा आहे. भांडलो, अबोला धरला, सगळं झालं. शेवटी तोडगा निघाला. या दुकानात मला नीट बसणारी एक जरी सीट मिळाली, तरी रविवारी जायचं. नाही मिळाली, तर गाडी विकायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

दुकानदार : गाडी विकायची?

भुंगा : दोन वर्षं खपलोय तिच्यावर. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत लोखंडी पिंजरा असतो, तोसुद्धा मी स्वतः उभा राहून जोडून घेतलाय.

दुकानदार : आणि सीट नीट बसली की नाही, हे ठरवणार कोण?

भुंगा : आई.

दुकानदार : अहो साहेब! तुम्ही जाऊ नये म्हणून ज्या धडपडतायत, त्यांच्याच हातात शिट्टी दिलीत?

भुंगा : दिली. माप ती कधीच खोटं सांगत नाही. समोर कुणीही असो. एकदा बँकेच्या मॅनेजरला तोंडावर म्हणाली, साहेब, पोट सोडा, पॅन्ट तुम्हाला घालायची आहे, तुमच्या फोटोला नाही.

आई : उभा माणूस पोट आत घेतो, छाती बाहेर काढतो. बसला की खरा होतो. मी तर बसवूनच माप घेते.

दुकानदार : खरं सांगा मावशी, तुम्हाला काय हवंय? बसावी की बसू नये?

आई : बसू नये. तोंड कशाला लपवू? भीती वाटते मला. नऊ वर्षांचा असताना हा उतारावरून सायकलवर हात सोडून आला, तोंडाने असाच भुंऽऽ करत. खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेईपर्यंत हूं की चूं केलं नाही यानं, आणि मी मात्र रस्ताभर रडत होते. तेव्हा सायकल होती. आता ही गाडी.

भुंगा : आई, ते वीस वर्षांपूर्वीचं झालं.

आई : तुझं झालं असेल. पाचवी आणा भाऊ.

दुकानदार : ही घ्या. काळी. बसा साहेब. भोकं बघा मावशी, बरोब्बर खांद्याशी. कंबर बघा. मांड्या बघा.

आई : हं. कमरेशी एक बोट जातंय. पाठ टेकतेय सगळीकडे. बरी आहे.

भुंगा : बरी आहे म्हणाली! दादा, ऐकलंत? तिचं बरी म्हणजे...

आई : ही मागे शिवलेली चिठ्ठी कसली?

दुकानदार : ती होय? ती आपली तारीख. स्पर्धेसाठी सीट कधीपर्यंत चालते ती.

आई : औषधाच्या बाटलीसारखी? वाच रे, मला बारीक दिसत नाही.

भुंगा : ही गेल्या वर्षीच संपलीय.

दुकानदार : अहो, नुसत्या सरावाला काय होतंय, तसं बघायला गेलं तर...

आई : भाऊ.

दुकानदार : उचलली. चुकलंच माझं. कान पकडतो.

आई : कान नंतर पकडा. अजून आहे का?

दुकानदार : एकच. काचेतली. तिच्यानंतर आपलं दुकान संपलं. हा बघा, तिच्यात बसवलेला पुतळा काढला बाहेर. तारीख आधीच दाखवतो, चार वर्षं बाकी आहेत. बसा साहेब.

भुंगा : देवा, बस बाई ही एकदाची.

आई : गप्प बस. पाय लांब कर. क्लच पूर्ण दाब. गुडघा थोडा वाकलेला राहतोय, ठीक. पाठ न उचलता मनगटं स्टिअरिंगवर ठेव. पोचली. कमरेशी बोट जात नाही. श्वास घे. मोठा. बरगडीला टोचतंय कुठे?

भुंगा : नाही. आई, अगदी धरून ठेवलंय गं मला.

दुकानदार : पट्टे लावतो. हे असे. ओढले. झालं! मावशी, आता बोला.

आई : हल. जोरात. डावीकडे झुक. आणखी. हा बघा, डावा पट्टा घसरला.

दुकानदार : कुठे? अरे, खरंच. उजवा तर जागेवर आहे! पुन्हा लावतो. हला साहेब. पुन्हा घसरला! असं कसं? सीट दोन्हीकडून सारखी आहे.

आई : सीट सारखीच आहे. हा नाही. याचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. हाड मोडलं तेव्हापासून.

भुंगा : कुणाचा? माझा? काहीतरीच काय! मग मला कधी कळलं कसं नाही? माझे शर्ट तर कसे मस्त बसतात.

आई : कोण शिवतं?

भुंगा : तू.

आई : मग?

भुंगा : सगळे? शाळेच्या गणवेशापासून?

आई : सगळे. डावीकडे आतून एक पट्टी घालते. मुलं चिडवतील म्हणून सांगितलं नव्हतं, मग सांगायचं राहूनच गेलं.

भुंगा : आणि मी वीस वर्षं तयार शर्टांच्या कंपन्यांना शिव्या घालतोय.

दुकानदार : संपलं साहेब. याहून जवळची सीट माझ्याकडे नाही. घसरणारा पट्टा बांधून मी कुणाला ट्रॅकवर पाठवणार नाही. मघाशी तारखेचा घोळ केला, तो केला. हा नाही करणार. मावशी, जिंकलात तुम्ही.

भुंगा : हं. ठरलं होतं तसंच. सोडा दादा पट्टे. आई, चल. विकतो गाडी. तोंड नाही वाकडं करत, खरंच. जरा हेल्मेट तेवढं असू दे थोडा वेळ.

आई : काढ ते. बघू दे चेहरा.

भुंगा : असू दे गं.

आई : बरं. चल. पिशवी घे माझी. भाऊ, फार ताप दिला तुम्हाला.

दुकानदार : ताप कसला, शिकलो मी. या पुन्हा.

आई : भाऊ, त्या खांद्याशी जी गादी आहे, ती सुटी आहे का चिकटवलेली?

दुकानदार : सुटी. ओढली की निघते. का?

आई : काही नाही. सहज विचारलं. आणि एकाच जाडीची येते का?

दुकानदार : नाही. दोन जाडीच्या येतात. सीटच्या कवचाला हात लावायचा नसतो, गाद्या मात्र अंगाप्रमाणे बदलता येतात. पण मावशी, त्या दोन्हीकडे सारख्याच लावतात.

आई : कोण लावतं? आणा इकडे जाडवाली. एकच. भुंग्या, पिशवी ठेव खाली, बस परत. डावीकडची काढा भाऊ. ही जाड लावा. एवढी वर नाही! खाली घ्या. आणखी केसभर. तिथे. दाबा. आता बांधा याला.

दुकानदार : बांधला.

आई : हल.

भुंगा : हलतोय.

आई : नीट हल, लाडात येऊ नकोस. डावीकडे. उजवीकडे. पुढे ये.

भुंगा : येताच येत नाही गं!

(आई सगळीकडून बोटं घालून बघते. मग पट्ट्याला लटकून दोनदा झटका देते.)

दुकानदार : मावशी, बोला काहीतरी. माझाच जीव टांगणीला लागलाय.

आई : बसली.

भुंगा : काय? पुन्हा म्हण!

आई : बसली म्हटलं ना. आता यातून सुटून दाखव. हे बटण दाबायचं, पट्टे फेकायचे आणि बाहेर यायचं. हं, आलास. किती सेकंद लागले भाऊ?

दुकानदार : बारा सेकंद असतील.

आई : फार झाले. पुन्हा बस. आठाच्या आत येईपर्यंत सीट गाडीत भरायची नाही.

भुंगा : आई, एक सांग. तू जिंकली होतीस. दारापर्यंत पोचलो होतो आपण. नुसती गप्प राहिली असतीस तर?

आई : अर्धाच इंच राहिला होता रे. तसा कसा सोडू तुला?