कागदावरचा सहावा प्रश्न

‘—चालत गेली आणि त्यानं तिची मान—’ एवढंच ना ऐकलंत जिन्यात? मग निघालात कुठं? बसा हो ताई, पुढचं ऐकून तरी जा. ती माझी शेजारीण, वीस वर्षं भिंतीला भिंत आमची. मान मोडली म्हणे या मणक्याच्या डॉक्टरनं! अहो, मी होते ना सोबत. काय करतो तो? — कुठं दुखतं, कधीपासून, सगळं विचारतो, मग उभं करतो, पुढं वाका, बाजूला वळा, एका पायावर राहा — आमची शेजारीण म्हणाली, डॉक्टर, आता नाचायचं तेवढं राहिलंय — मग गुडघ्यावर रबरी हातोडी, मग एकेका मणक्यावरून अंगठा. कधी कट्कन वाजतं, घाबरायचं नाही. नको म्हटलंत की थांबतो. तिच्या मानेला तर त्यानं बोट लावलं नाही, दुखायची कंबर.

आता हा कागद — हाच, तुमच्या हातातला. ती चष्मा घरी विसरलेली. म्हटलं आण इकडे, तुझं मला काय माहीत नाही? भरत सुटले. सहावा प्रश्न, रात्री दुखून जाग येते का — तिला विचारलंच नाही हो! तिची शिंकसुद्धा मला भिंतीतून ऐकू येते, जाग आली तर कळणार नाही? ठोकून दिलं ‘नाही’. आत त्यानं पुन्हा विचारलं, तर तिच्याआधी मीच — छे, गाढ झोपते! ती नुसती हसली. का हसली? — उशी तोंडात धरून रडायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. तिच्या लेकीनं सांगितलं. नंतर.

दोन महिने व्यायामच करत राहिली. मग एकटी आली, चष्मा घेऊन. सहाव्याला ‘हो’ लिहिलं. रात्रीचं दुखणं साधं नसतं म्हणे, ते वाचताच त्यानं उपचार तिथंच थांबवले, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. हाडांत पसरलं होतं.

चालत आली, खरं. चिठ्ठीनंतर महिन्याभरात गेली, तेही खरं. मधलं मानेचं तेवढं खोटं. आणि ते पहिल्यांदा कुणी बोललं, ठाऊक आहे? — मीच. तेराव्याला नव्हे, दुसऱ्याच दिवशी. कुणाच्या तरी माथी मारायला हवं होतं ना.

घ्या, पेन घ्या. तुमचं तुम्ही भरा, मी खिडकीकडे बघते. — हात का थांबला? सहावा आला? — नको, मला नका सांगू. मला अजिबात सांगू नका. त्याला सांगा. बोलावतायत, जा.