सबनीसची नजर माझ्या काट्यावर

माणसावर संशय कधी घ्यावा, ते ऐक. आमच्या अवधपुरीतला शेजारी सबनीस आणि मी अंदमानला एका ग्रुपबरोबर डायव्हिंगला गेलो होतो. गाइडने आमची जोडी लावली. पाण्यात एकमेकांना सांभाळायचं, आणि त्याने विचारल्यावर टाकीत किती हवा उरली ते हाताच्या खुणेने खरं खरं सांगायचं.

खाली उतरलो, तर सबनीसची नजर सारखी माझ्या हवेच्या काट्यावर! मासे राहिले बाजूला. मी काटा छातीशी धरला, तर हा वळसा घालून समोर हजर. म्हटलं, याची हवा संपत आलीय, आता हा माझ्या नळीला तोंड लावणार. गाइडने विचारलं की हा आधी माझा काटा बघायचा आणि मग ऐटीत खूण करायचा, अर्धी शिल्लक!

वर आल्यावर गाइडने त्याचा काटा पाहिला आणि ओरडलाच, "अंकल, टंकी में हवा ही नहीं है! नीचे तो आधी टंकी बता रहे थे!"

सबनीस माझ्याकडे वळून म्हणतो कसा, "अरे, चष्मा हॉटेलवर राहिला. मला जवळचं दिसत नाही, लांबचं दिसतं. म्हणून तुझा काटा वाचून सांगत होतो."