धा-बारा

न्हाय, अंगठा उठवायची न्हाय म्या. ठिवा ती शाई पिशवीत, म्याडम. काय लिवलंय म्हणलात कागदावर — पाण्याच्या आराखड्यात धनगरवस्तीचा सहभाग घेतला? कवा घेतला? ईट गावात मीटिंग झाली तवा आमी रानात. मेंढरं काय दुपारची घरी बसत्यात व्हय? एकदा गेले व्हते म्या, तर दारात चपलांपाशी जागा दिली — वास येतो म्हणं आमचा. तळ्याचं पाणी गाववाल्यांच्या उसाला जातंय, त्याचा वास न्हाय येत कुणाला. किळस आलीय मला ह्या समद्याची.

ह्यो हौद बघा. सासऱ्यानं बांधलेला, तळ्यातनं भरायचा. धा दिस झालं, कोरडा. का, तर तुमच्या कम्प्युटरनं सांगितलं — वस्तीवर मेंढरं बारा. बारा मेंढरास्नी हौद कशाला, टपात पाजा म्हणं. आमचे मालक, बिरदेव, रोज त्या कम्प्युटरला शिव्या घालत्यात. घालू द्या. त्यास्नी काय ठावं, बारा कुणी सांगितलं ते —

काय न्हाय. कुठं काय म्हणले म्या?

बरं, ऐका. पर मालकांस्नी सांगू न्हका. तुमची ती पहिली बाई आलती मोबाईल घिऊन, मेंढरं किती इचारत. आता मेंढरांचा खरा आकडा कुणी तोंडानं सांगतं व्हय? दिष्ट लागती. आन चराईच्या दंडाचं भ्या येगळंच. म्या म्हणले, असतील धा-बारा. तिनं लिवलं बारा. समोर माळ भरून मेंढरं चरत व्हती, आन बाई मोबाईलात बघून लिवती बारा. मान वर करायला काय झालतं तिला? पर तिचं काय घिऊन बसलाय — माझ्याच तोंडाची शिसारी येती मला. काल दोन कोकरं गेली. आईला पाणी न्हाय तर दूध कुठनं यील? म्याच पुरली. मालक म्हणले, रोग असल. म्या म्हणले, असल.

दुरुस्त करता येतं म्हणता? हौद पुन्ना भरंल? मंग एकदाच सांगते, पुन्ना इचारू न्हका. इकडं या, जवळ.

तीनशे चौदा. परवा सोळा व्हती.

लिवलं? थू — तुमच्यावर न्हाय, दिष्टीला. आता जावा. मालक येत्यात टेकाडावरनं, आन समदी मेंढरं आधी ह्या हौदाकडंच पळत्यात. जावा म्हणते ना.