वीट लागेपर्यंत

वीजबिलाच्या रांगेत माझ्या मागे बहीण-भाऊ उभे होते. भाऊ तारा जमिनीखाली न्यायच्या कामावर होता.

"ताई, दाजी नाही आले?"

"ते कसले येतात! विजेचा खांब गेला, जागा मोकळी झाली, आता फाटक रुंद करायचं खूळ घेतलंय. पहार घेऊन खणतायत."

"कुठे?"

"खांब होता तिथेच. का रे?"

"तिथूनच केबल गेलीय."

"ती खोल असेल ना?"

"खर्च कमी करायचा होता गं. चर निम्माच खणला."

"पण वर विटा रचता ना? तूच जेवताना सांगितलं होतंस, पहार विटेवर आपटली की माणूस थांबतो."

"तुमच्या गल्लीत विटा वगळल्या."

"आणि हे मला आत्ता सांगतोस?"

"दाजी तिथेच खणतील, हे मला काय माहीत? फोन लाव आधी."

"वाजतोय... उचलत नाहीयेत... हां, उचलला! अहो, थांबा, खाली केबल आहे! अहो, ऐका तर..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माहितीये गं, वीट लागली की थांबतो. आणि ठेवला."

"परत लाव, ताई. लाव ना!"

आमच्या डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला.