पान सतरा

नाई म्याडम, छापखान्याची चूक नाई ते — पान सतरा ना? मले पाठ आहे. 'बांधावरील गोल शेवाळ. उपयोग — कान दुखणे, कान वाहणे. माहिती देणार — बुधरीबाई.' वरतं मायचा फोटो, डोळे मिटलेले. तुमी चंद्रपूरवरून एवढ्या दूर त्याच्यासाठीच आल्या म्हणता, मायले इचारून पुस्तक दुरुस्त कराले — तं बसा, खाटेवर बसा, पन माय भेटनार नाई. बांधावर गेली. कवा येईन सांगता येत नाई.

शेवाळाचं मले नका समजावू. हे पुस्तक लिहिनाऱ्या सरांसंग दोन पावसाळे हिंडलो मी. उत्तरेकडचे होते, हिंदी बोलत — मानूस चांगला, खोटं काऊन बोलू? पहिल्या दिवशी इचारलं, कोलू, ये क्या है? म्हणलो, शेवाळ. दुसरं दाखवलं — शेवाळ. तिसरं — तेबी शेवाळच. हासले, अन् हातात भिंग दिलं. मंग दिसलं जी. ऐनाच्या झाडाच्या सालीवरचं उन्हाळ्यात काळं पडते, मेलं म्हणा — अन् पान्याचा थेंब टाका, डोळ्यादेखत हिरवं होते. नाल्याच्या गोट्यावरचं चपटं, बेडकाच्या पाठीसारखं, त्याच्यावर बारक्या वाट्या, वाटीत दाणे वाढून ठेवल्यावानी. एका नाल्यात चौतीस जातीच्या पुड्या बांधल्या आमी. सातवीतून शाळा सुटली माझी, पन त्या पुड्यांवर अक्षर माझं आहे. कुठीतरी कपाटात असन अजून.

त्या चपट्याले इंग्रजांच्या भाषेत काळजाचं झाड म्हणतात, हे सरांनीच सांगतलं — जुन्या काळी तिकडच्या लोकांनी पाह्यलं, काळजासारखं दिसते, म्हून काळजाच्या दुखण्यावर देल्लं. दिसते तसं औषध. आमी दोघं नाल्यात बसून लय हासलो होतो त्या लोकांले. लय हासलो.

मायचं तसं नोतं. चपटं वाटून भाजलेल्या हातावर. सालीवरचं जाळून राख, मोहाच्या टोळीच्या, म्हंजे बियांच्या तेलात, जखमेवर. अन् बांधावरचं गोल — धान कापल्यावर ओल राह्यते तिथी चिकटून उगवते, बांगडीएवढं — ते गजकर्णाले. अंगावर खाजते, गोल चट्टा उठते, तेच गजकर्ण. खाजवून रक्त काढलेले लोक याच खाटेवर बसत. मायले हिंदी येत नाई, मराठीबी अर्धी. ती गोंडीत सांगे, मी सरांले सांगो. बस, एवढंच काम माझं.

तुमाले वाटते सरांनी ऐकन्यात चूक केली? मीबी सगळ्याले तेच सांगतो. मी बरोबर बोललो, म्हणलो गजकर्ण. सर पेन धरून थांबले. म्हणाले, कर्ण? कर्ण मतलब कान, ना? — आता कर्ण म्हणजे कान, हे मले येत होतं जी, सहावीत गुरुजींनी पाठ करून घेतलं होतं, साऱ्या गावात मले एकट्याले येत होतं. अन् सर म्हणाले, शाबास, तुम तो पढ़े-लिखे निकले. मी मान हालवली. हो म्हणलो. हिंदीत गजकर्णाले काय म्हणतात ते मले माहीत नोतं, अन् माहीत नाई म्हणाची लाज वाटली. मायनं मागून इचारलं, सांगतलं ना बरोबर? तिलेबी हो म्हणलो.

हे कोणाले सांगतलं नोतं मी. तुमी लिहून नाई ना राह्यल्या?

पुस्तक आलं, घरोघर वाटलं. आशाबाईच्या पोरीचा, रिनाचा कान वाहे. आशाबाई वाचते, तिनं पान सतरा वाचलं अन् बांधावर गेली. पंधरा दिवस रस पिळून कानात टाकला. मायले इचारलंबी नाई — फोटो होता ना छापलेला. दवाखान्यात नेली तवा पडदा गेला होता. आता पोरीले डाव्या अंगानं हाक मारा, पलटत नाई. आशाबाई समोरून जाते, आमच्या आंगनाकडे पाहत नाई. मागच्या महिन्यात मुखरूचा हात कढईच्या तेलानं भाजला — आमच्या दारासमोरून तसाच, फडका गुंडाळून, मोटरसायकलवर गेला. मायनं वाटलेलं शेवाळ ताटलीत घेऊन ठेवलं होतं. संध्याकाळी कोंबड्यांले टाकलं.

अन् ती काय म्हणते, ऐका. म्हणते, मीच बोलली असन बापा काई तरी, म्हातारी झाली, तोंडातून निघालं असन. दीड वर्ष झालं, हेच म्हणते. बांधावर जाऊन ते गोल शेवाळ पाहत बसते, कान धरून पाहते सोताचा. मी समोर बसून जेवतो.

म्हून म्हणतो, भेटून काय करान? तुमी इचारान कान, ती म्हणन हो. तुमी इचारान खाज, तरी हो म्हणन. आता ती कशालेबी हो म्हणते. तुमीच लिहा ना — गजकर्ण. पान बदला. कोण चुकलं ते कशाले लिहाले पायजे?

थांबा. ती पाहा, डोक्यावर भारा — मायच आहे. पुस्तक थैलीत टाका म्याडम. टाका म्हणतो ना. काई इचारू नका.

काई नाई माय. या बाई रस्ता चुकल्या होत्या, इचाराले थांबल्या. निघूनच राह्यल्या.