दुसरं टोक कोण धरणार?

सकाळचे सव्वासात. दोन भावांच्या घरांमधलं सामाईक अंगण, आणि मधोमध टेप घेऊन उभा मी, जमिनी मोजणारा. तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात मोजणं सोपं हो, काम केवढं घ्यायचं तेच कळत नाही! टेपला टोकं दोन, आणि मी एक!

गेल्या महिन्यात घेतलं मोठं काम. शंभर एकर! यंत्र तिपाईवर लावायचं, खांब घेऊन अर्धा किलोमीटर चालायचं, रोवायचा, परत यंत्राशी यायचं, बघायचं... तर खांब आडवा! पुन्हा जा, पुन्हा या... चौथ्या दिवशी येऊन बघतो तर तिपाईवर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला! घरी बायको गुडघ्यांसाठी पाणी तापवतेय आणि तोंड चालू, "अहो, तुम्ही काय पलटण आहात? अंगणं मोजा, भिंती मोजा!"

घेतलं अंगण. त्यांच्या नकाशावर रुंदी साठ फूट, निम्मं थोरल्याचं, निम्मं धाकट्याचं, मधे भिंत. गवंडी फावडं घेऊन तयार. अर्ध्या तासाचं काम! पण टेपला टोकं दोन, आणि मी एक... म्हणून थोरल्याला म्हटलं, धरा जरा कुंपणाशी. तीस फुटांवर चुन्याची रेघ मारली, तर धाकटा ओरडला, "दादा, टोक आत सरकवलंस!"

"अरे, वाऱ्याने सरकलं!"

"वारा बरा तुझ्याच फायद्याचा वाहतो!"

मग धाकट्याने त्याच्या कुंपणाशी धरलं. तिकडेही वारा! दुसरी रेघ पहिलीला ओलांडून थेट थोरल्याच्या हद्दीत. मधली सहा फूट जागा दोघांचीही! आता भिंत बांधायची कुठे, डोक्यावर?

तेवढ्यात कंत्राटदाराचा फोन. "दोनशे एकर आहे. आत्ताच सांगा. टीम केवढी?"

"एक."

"टीम एक, पण माणसं किती?"

"तीच एक!"

ठेवला त्याने फोन. बरं झालं म्हणू की वाईट? कुंपणाशी खुंटी ठोकली, टोक तिला बांधलं, स्वतः चालत गेलो, तीनदा मोजलं. छप्पन्न! आणि सकाळपासून भांडणारे दोघे भाऊ पहिल्यांदा एका सुरात म्हणाले, "एकट्या माणसाचं माप कोण मानणार? आमचा नकाशा पाच जणांच्या पथकाने केलाय!"

दोन्हीकडची कुंपणं दगडी, त्या नकाशाहून जुनी, जागची हललेली नाहीत. गवंडी फावडं खांद्यावर टाकून गेला. बायकोला फोनवर सांगितलं, तर म्हणते, "मग मधली कामं घ्या." मधली म्हणजे केवढी हो? घेतो, तीही घेतो...

नकाशा मात्र आत्ता माझ्यापुढे आहे. साठ फूट, खाली ठसठशीत पाच सह्या. चार फूट जमीन कुठे गेली, हे त्या पाचांपैकी एकानेही अजून सांगितलेलं नाही.