नकाशात बंद पडलेला ढाबा

हसू नका बे, मला आजबी लाज वाटती. मांजरसुंब्याचा माझा ढाबा मोबाईलच्या नकाशात ‘कायमचा बंद’ दिसायला लागला. इकडं भट्टी पेटलेली, अन् गिऱ्हाईक समोरून निघून जायचं. आठ दिवस नकाशावाल्या कंपनीला फोन लावला, पण मशीनच बोलायची. एक दाबा, दोन दाबा. नवव्या दिवशी गोड आवाज आला, “नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?”

मला वाटलं, परत मशीनच. मी तिच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला.

आवाज म्हणला, “दादा, मी मशीन न्हाई. धारूरची हाय. समदं समजलं मला.”

“चुकलो ताई,” मी म्हणलं. पोरीनं एका शब्दानं न दुखवता ढाबा चालू करून दिला. फोन ठेवताना म्हणली, “आता मशीन माझं काम कसं वाटलं इचारील. एक ते पाचमधलं बटण दाबा.”

म्हणलं, शाळेत काय अन् कुस्तीत काय, पहिला तो पहिलाच. मनापासून एक दाबला.

मशीन म्हणली, “सेवा अत्यंत वाईट वाटल्याबद्दल क्षमस्व. आपली तक्रार या कर्मचाऱ्याच्या नावावर नोंदवली आहे.”